काट्याला न कळलेला

भंगाराच्या ट्रकमधून तो घरंगळला
थेट वजनकाट्यावर, दुपारी सव्वादोनच्या सुमारास.
आकडा जागचा हलला नाही.
आमचा काटा दहा किलोच्या आतलं काही मनावर घेत नाही,
त्यामुळे पावतीत तो कुठेच नाही:
वीतभर रोबो,
जांभळा, मध्येमध्ये पोपटी,
छातीवर कुठल्याशा फौजेचं चिन्ह
आणि डोळे लालभडक,
म्हणजे वाईटांच्याच बाजूचा असणार.
ड्रायव्हर म्हणाला, फेका ताई, प्लास्टिक भट्टीत चालत नाही.
मी डब्याच्या पिशवीत टाकला.

जालन्यात आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी.
अर्ध्या वाटीत त्याला घासला,
भांड्याच्या साबणानं, जुन्या दातब्रशनं,
काखा, गुडघे, मानेमागची खाच.
मंठा नाक्यावर मोईज नंबरप्लेटा रंगवतो.
तो म्हणाला, "थिनर नक्को बाजी, प्लास्टिक रो पडता.
पतला मारो. सूखने देव. फिर पतला."
राखाडी प्रायमरचा तळ उरलेला डबा दिला,
पैसे घेतले नाहीत,
फक्त विचारलं, पोराचा आहे का?
मी म्हटलं, माझा.
त्यानं मान हलवली, जसं काही
एक्केचाळिशीच्या बायका रोजच रोबो घेऊन येतात.

पहिला हात राखाडी.
सांध्यांना चिकटपट्टी,
रंग आत गेला की कोपर जन्मभर वाकत नाही.
दुसरा हात पिवळा. आता कसला पिवळा?
हळदीचा नाही, झेंडूचा तर नाहीच.
यार्डातल्या तीन नंबरच्या क्रेनचा,
जो सोळा उन्हाळ्यांत उडून उडून
बेसनाच्या पाण्याइतका उरलाय.

मग कडा.
ब्रश बुडवायचा आणि जवळजवळ सगळा पुसून टाकायचा
रद्द पावत्यांच्या पाठीवर.
काहीच उरलं नाही असं वाटलं
की मग फिरवायचा, हलका.
दोन रविवार गेले
तेव्हा कुठे डाव्या खांद्याची कड उजळली.

गंज मात्र मला कुणी शिकवावा लागला नाही.
सोळा वर्षं मी तोच मोजते, टनात.
तो उगीच कुठेही बसत नाही.
बोल्टच्या बुडाशी धरतो, मग ओघळतो,
आधी तांबूस, खाली काळपट,
ज्या अंगानं पाऊस झोडपतो तिकडे जास्त.
म्हणून आधी रोबोची पश्चिम ठरवली.

विश्वंभर ढगे, क्रेनवाला,
जेवायच्या सुट्टीत त्याला उलटासुलटा करत राहिला.
"कुशावर्ताताई, ह्याला तर माझ्या क्रेनचं दुखणं लागलं."
मग थोड्या वेळानं, भाकरी मोडत,
"उजव्या खांद्याला पोचा पाह्यजे.
माझ्याच हातून पडलेला. लिहून नाही ठेवला कुठं."
तोही दिला मी.
वर काळी रेघ, तिच्याखाली पांढरी,
खड्डा नसतो तिथे, नुसता भास,
पण विश्वंभरनं त्यावरून अंगठा फिरवून पाहिला.

राहिले डोळे.
लालावर साईच्या रंगाचे दोन थर,
वर काडेपेटीच्या काडीनं काळा ठिपका.
एक टेकवला
आणि नेमकी लाईट गेली.
मोबाईल सापडेपर्यंत ठिपका सरकून वाळला होता,
डावीकडे, पार कोपऱ्यात.
बघतोय असा, जशी त्याला कुणी बाजूनं हाक मारली,
आणि ती ओळखीची होती.
पुसावा म्हणून कापूस घेतला, ठेवून दिला.
दुसराही मग तिकडेच वळवला.

रंगवायच्या आधी सराफ्यातल्या काट्यावर
तो शहाऐंशी ग्रॅम भरला होता.
काल अठ्ठ्याऐंशी.
सराफानं विचारलं, ह्यात काय घातलं?
मी चिल्लर शोधत राहिले.

आता तो केबिनच्या खिडकीत असतो, शिक्क्याशेजारी.
गाडी लागते, काच थरथरते,
आकडा चढत चढत बावीस हजारांवर थांबतो.
ड्रायव्हर बघतो, हमाल बघतो, मी बघते.
तो तिकडे बघत नाही.