चाव्यांचा जुडगा

बोगुमिल माझ्याकडून चाव्यांचा जुडगा मागून नेतो
आणि उघडत काहीच नाही.
ढोल आडवा, चामड्यावर झांज उपडी,
तिच्यावर माझ्या चाव्या, ओढत ओढत.

वूच शहरातली ही जुनी सूतगिरणी. बाहेर उणे अकरा.
ऐकायला सात जण,
त्यातला एक ऊब घ्यायला आलेला.

त्याची आई इथेच मागावर होती, तिसऱ्या मजल्यावर.
तीनशे माग एकदम चालत,
म्हणून बायका नुसत्या ओठांनी बोलत.
घरीसुद्धा ती तशीच हाक मारायची त्याला;
पाठमोरा असला की जेवण गार.

ताल का धरत नाहीस, मी एकदा विचारलं.
म्हणाला, तालानंच आमचं घर बहिरं केलं.

आज मधेच त्यानं हात उचलला.
रेडिएटर कुणी आतून ठोकावा तसा वाजला,
टक्, मग टकटक.
तो मान वाकवून थांबला,
पाहुण्याला आधी बसू द्यावं तसा.
मग बोटाच्या पेरानं, चामड्याच्या अगदी कडेला
एकच उत्तर.

व्हॉल्व्ह बघायला हवा, मला वाटलं.
उठलो नाही.

चाव्या परत मिळाल्या तेव्हा कोमट होत्या.
बॉयलरखोलीची किंचित वाकलीय.
कुलूप उघडतं अजून,
पण आता कान लावून फिरवावी लागते.