एक जून

उद्यमनगरात, मगदूम फौंड्रीच्या भिंतीला टेकून
माझं दुकान. दहा बाय आठ.
पलीकडं ओतकाम चालू झालं
की टेबलावरचे बारके स्क्रू आपोआप सरकतात.

मुल्लाणींचा रेहान आला,
बिजागरी तुटलेला लॅपटॉप दप्तरातनं काढत.
"काका, ते फुकटातलं टाका. शाळेच्या लॅबला हाय तसलं."
मी पेनड्राइव्ह लावला.
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली
आणि हा ती वाचत बसला, ओठ हलवत.
किती वर्षांचा आहेस, मी विचारलं नव्हतं.

कायदा येतोय म्हणतात.
मशीन पुरतं जागं व्हायच्या आत विचारायचं : वय काय?
आणि मिळालेलं उत्तर
पुढं प्रत्येक ॲपच्या कानात सांगायचं.

कान म्हटल्यावर आठवलं.
शाळेच्या पायरीवर हेडमास्तर म्हणाले,
उजवा हात डोक्यावरनं ने, डावा कान धर.
बोटं पोचेनात.
आईनं मागनं हळूच कोपर दाबलं.
पोचली.
रजिस्टरात लिहिलं : एक जून.
माझी एक जून, थोरल्याची एक जून,
वर्गातल्या एकोणतीस जणांची एक जून,
एका दिवसात अख्खा गाव बाळंत झालेला.
त्या तारखेवर आज माझं आधार, लायसन, दुकानाचं कर्ज.
खरी तारीख आईकडं होती :
दूधगंगा पुलाला टेकली आणि म्हस व्याली, त्या आठवड्यात.
ती कुठल्याच चौकटीत बसली नाही.

वकीलबाई इंगवले प्रिंटर न्यायला आल्या होत्या.
ऐकून हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
"तुमची एक जून गोड आहे हो.
माझ्याकडं तेरा वर्षांची मुलगी आलीय.
रात्री दोनला तिच्या मोबाइलवर आलेले फोटो
मी स्वतः फाइलला लावलेत.
दारात कुणी विचारायला नको?"

विचारा की, म्हटलं, दारात विचारा.
पायाच्या दगडाला कशाला विचारताय?
"बरं. मग पाया कुणाचा ते सांगा.
नोटीस कुणाच्या नावानं काढू?"

इथं माझी पंचाईत.
कुणी नॉर्वेतली रिटायर बाई कीबोर्डचं बघते,
कुणी नागपूरचा पोरगा कॉलेज बुडवून
मराठीच्या वेलांट्या सरळ करतो.
एक वेलांटी सरकते म्हणून मीच कळवलं होतं,
तिसऱ्या दिवशी जागेवर.
ना पगार, ना शिक्का, ना गेटवर वॉचमन.
उद्या कुणी तिथं वयाचा प्रश्न घातला
तर तो प्रश्नही उघडाच असणार,
हा रेहान ती ओळ शोधून खोडेल, मला माहीत आहे.
ते वकीलबाईंना सांगितलं नाही.

माझा बाप ऑइल इंजिन शिकला ते असंच, उघडून.
मालक जेवायला गेला की हेड काढायचा,
ढेकर ऐकू यायच्या आत बसवायचा.
वय चौदा. कागदावर अठरा.
त्या चार खोट्या वर्षांवर आमचं घर उभं राहिलं
आणि त्याच चार वर्षांत
त्याची करंगळी पट्ट्यात गेली.
दोन्ही खरं. मी एकच सांगत आलो इतकी वर्षं.

वकीलबाई गेल्या, प्रिंटर विसरून.

"काका, हितं जन्मतारीख मागतंय."
बघतो तर खरंच. नवीन आवृत्ती.
बारकी चौकट, खाली बारक्या अक्षरात : सोडून द्या.
मला वाटलं, आता हा माझ्याकडं बघणार.
बघितलं नाही.
सीपीआरमधला जन्म त्याचा,
मिनिटासकट तारीख असलेला घरातला पहिला.
एका बोटानं टाइप केली. खरी.
बारा वर्षं, चार महिने.

पलीकडं भट्टी ओतत होते,
स्क्रू सरकत होते काठाकडं.
त्याच्या कोपराला हात लावावासा वाटला.
लावला नाही.