खिळा

सागूच्या वाळल्या भाकऱ्या घरच्याच,
वल्हं घरचं, पाठ घरची.
कंपनीची फक्त मोजणी:
चाळीस दिवस, चाळीस होड्या,
माणशी एक कुऱ्हाड, परत करायच्या बोलीवर.

आमच्या होडीत एकही खिळा नाही.
फळीला फळी वेताने शिवलेली.
बांधणारा म्हातारा तोमाहू म्हणायचा,
लाकडाला भोसकलंत
तर ते खोल पाण्यात आठवण काढतं.

पहिले आले त्यांनी लवंगेला खिळा म्हटलं.
मग त्यांचे वैरी आले, बोली निराळी,
देव जवळपास तोच,
त्यांनीही खिळाच म्हटलं.
तिसऱ्यांनी या दोघांना चोर म्हटलं
आणि स्वतःसाठी खिळे मागितले.
आमच्या बंदरात एकमेकांची गलबतं जाळायचे,
राख निवायच्या आत आम्हाला विचारायचे,
तुम्ही कोणाकडून?

आम्ही वाऱ्याकडून होतो.
पश्चिमेचा असेल तर एक करार,
पूर्वेचा असेल तर दुसरा.
सहीच्या जागी आम्ही मासा काढायचो.
मासा त्यांच्या कागदात अडकला तो सुटलाच नाही.

आता उरलेत एकच.
त्यांनी ठरवलंय, लवंग फक्त अंबोनवर उगवेल,
बाकीच्या बेटांनी ती विसरायची.
विसरायला लावायला
आम्ही.

सार्जंट एव्हर्टची दाढ ठणकतेय.
गालात लवंग धरून तो हुकूम देतो,
त्यामुळे शब्द अर्धे फुटतात,
"बुंध्यापासून" एवढं मात्र स्वच्छ ऐकू येतं.

लुहूच्या किनाऱ्यावर माझी बहीण दिलीय.
मैमुना.
तिला मुलगी झाली तेव्हा विहिरीमागे
तिच्या नवऱ्याने रोप लावलं, आमच्याकडे लावतातच.
मी ओंजळीने पाणी घातलं होतं, मामाचं पहिलं पाणी.
सापिया आता अकरा वर्षांची,
झाडही अकराचंच,
यंदा भरलं होतं पहिल्यांदा,
कळ्या नुकत्या लालसर,
उमलायच्या आत खुडायच्या असतात त्या.
उमलली की कुणी विचारत नाही.

मी दुसऱ्याला म्हटलं, हे तू कर.
त्याने माझ्याकडे बघितलं.
त्याचं कालच झालं होतं, त्याच्या सासुरवाडीत.

ओलं लाकूड कुऱ्हाड सोडत नाही.
मैमुना घरात गेली, दार लावून घेतलं.
पोर उभीच राहिली, हातात अर्धं सोललेलं केळं.
झाड पडलं तसं ती आली
आणि त्याच्या शेजारी मातीत आडवी झाली,
टाचेला टाच लावल्यासारखी बुंध्याशी पाय जुळवून.
मग मान वळवून वर बघत म्हणाली,
"मामा, हे माझ्याहून केवढं पुढं गेलं होतं!"

सार्जंट हसला, की कळ आली, समजलं नाही.
कारकुनाने लिहिलं: विहिरीमागे, एक.
झाडाचं नाव सांगू का, मी विचारलं.
दुभाष्याने ते पुढे नेलंच नाही.

परतीच्या वाटेवर तळहातांना वास.
समुद्राने धुतला, वाळूने घासला,
भाकरी मोडली तर भाकरीला तोच.
जहाजावर राहून आलेला एक स्वयंपाकी सांगत होता,
तिकडे त्यांच्या गावात
लवंग फार झाली की ढीग लावून जाळतात,
भाव पडू नये म्हणून.
त्या रात्री सगळं शहर खिडक्या उघडून बसतं
आणि भरल्या पोटी श्वास घेतं.

खरं असेल. तो खोटंही बोलतो पुष्कळ.

खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा
माझ्या बाकाखाली पाणी झिरपू लागलं,
वेताचा एक टाका सैल.
सार्जंटने आपल्या पेटीतून काढून
माझ्यापुढे धरला
लोखंडी, लांब, डोक्याशी चार पाकळ्यांसारखा ठोकलेला.

घेतला मी.
घरी आहे अजून, फळीवर.
होडीत मारला नाही.
पाणी उपसत आलो.