उत्तरापुढे एकक लिहा

तिसरीत अकरा मुलं.
खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्यात,
तरी वहीवर मीठ उतरतंच.
तळव्यानं पुसायचं, मग आकडा मांडायचा.

पुस्तक माझ्याहून जुनं,
रशियनमधून आमच्या कराकल्पाकमध्ये आलेलं.
पान सेहेचाळीस, उदाहरण तिसरं:
एका होडीत आठ टोपल्या,
प्रत्येक टोपलीत पंचवीस मासे.
बंदरात एकूण किती मासे आले?

पेरिझातचा हात वर.
"बाई, बंदर माहितेय,
तिथं आम्ही लपाछपी खेळतो.
पण होडी आली कशावरून?"
"ट्रकवरून," नुर्लान म्हणतो.
वर्गाला ते पटतं.
घाईच्या दिवशी मलाही पटलं असतं.

मी होडी खोडते, उंट लिहिते.
उंटावर मासे शोभत नाहीत,
मासे खोडते, खरबुजं लिहिते.
एका उंटाला पंचवीस खरबुजं जड होतील का,
यावर अर्धा तास जातो.
गणित केव्हाचं दोनशेवर येऊन
आमची वाट बघत बसलेलं.

अझातला गोष्ट नकोच असते.
दोन कुत्री दिसली की दोघांनाही कवेत घेतो,
तसे दोन आकडे दिसले की बेरीज.
आठ आणि पंचवीस, तेहेतीस.
"तेहेतीस काय रे? एकक?"
"तेहेतीस, बाई."

मग मी युक्ती शिकवली, मला शिकवलेली तीच:
'एकूण' आलं की मिळव,
'उरले' आलं की वजा कर,
'प्रत्येकी' आलं की थांब, पाढे आठव.
शब्द पकड, बाकीचं वाक्य सोडून दे.
तपासणीला साहेब आले तेव्हा
अकरापैकी दहांची उत्तरं बरोबर.
सोडलेली वाक्यं
संध्याकाळी केर काढताना मला सापडली.

म्हणून गुरुवारी फळ्यावर लिहिलं:
कुंपणात काही उंट होते.
सात निघून गेले. पाच उरले.
आधी किती होते?

'उरले' दिसलं, पेन्सिली धावल्या.
सात वजा पाच, दोन.
दोन उंट, दोन उंट, दोन उंट.
आयसानेमनं तर खाली दोनदा रेघ मारली.
अझातचे एकट्याचे बारा.

हसले सगळे. त्याचं नेहमीचंच.
"बारा काय?" मी सवयीनं विचारलं.
तो खिडकीकडे बघत म्हणाला,
"उंट.
गेलेले पण मोजायचे ना, बाई?
आधी म्हणजे गेलेले आणि उरलेले."

मी खडू खाली ठेवला.
नऊ वर्षं या वर्गात ओरडतेय,
हातचा विसरू नका, हातचा विसरू नका.
हातातून गेलेला कुठं मांडायचा,
ते माझ्या तोंडून एकदाही आलं नव्हतं.

घरचा अभ्यास दिला:
आपापलं एक उदाहरण करून आणा.
नुर्लाननं ट्रक आणला, अर्थात.
आयसानेमनं लग्नात सोळा नान वाटले,
एक कमी पडला,
तो नेमका नावडत्या काकांचा.

पेरिझातच्या वहीत, मीठ पुसून, सुबक अक्षरात:
आमच्या अरलमध्ये काही पाणी होतं.
बरंच गेलं. थोडं उरलं, पण ते लांब आहे.
आधी किती होतं?
रीत: तुलेगेन काकांना विचारलं.
ते पूर्वी जाळी विणायचे.
ते काही बोलले नाहीत,
नुसते दोन्ही हात पसरून उभे राहिले.
उत्तर: दोन हात.

लाल पेन धरून मी बराच वेळ बसले.
एकक लिहिलंय.
रीतही दाखवलीय.
शेजारच्या बाकावरून अझात डोकावला,
दोन्ही हात आपल्याशी लावून बघत,
"बेरीजच आहे ना, बाई?"