दोन बोटं जागा

अष्टमीची रात्र. गरब्याच्या मैदानामागे,
जनरेटरला लागून आमचा तंबू :
एक खाट, दोन खुर्च्या,
मासळीबाजारातून आणलेला थर्मोकोलचा डबा, बर्फाने भरलेला.
वास जात नाही. मी नाद सोडलाय.

एक मुलगी येते, मैत्रिणींच्या खांद्यांवर लोंबकळत.
"कंई नथी बेन, मुरगळलाय फक्त.
पटकन चोळून द्या, पुढचा राऊंड चुकेल."
चोळायचं नाही, मी म्हणते. चार पावलं टाक.
ती दोन टाकते, तिसऱ्याला ओठ चावते.
घोट्याबाहेरचं हाड दाबलं
तेव्हा जे ओरडली, ते ढोलातूनही ऐकू गेलं.
ठीक. फडक्यात बर्फ, पाय उशीवर,
आणि एक्स-रेला सयाजी हॉस्पिटल.
"आत्ता?"
आत्ता.

चोळायचं नाही, एवढं म्हणायला
मला अर्धं आयुष्य लागलं.
दांडिया बाजारात, आखाड्याच्या ओट्यावर
आप्पा बसत. तिळाचं तेल, आंबेहळद, रक्त्याबोळ.
रविवारी सकाळी गावभरच्या खांद्यांची, मनगटांची रांग.
पैसे घेत नसत, नारळ घेत.
आमच्या घरी नारळ कधी विकत आणला नाही.
खांदा बसतानाचा तो आवाज,
ओल्या दाराची कडी पडावी तसा,
मला शाळेच्या घंटेआधी ओळखू येऊ लागला.

मग राऊळांचा विश्राम. आठ वर्षांचा,
चिंचेवरून पडलेला. कोपर.
आप्पांनी बांबूच्या कामट्या बांधल्या, घट्ट.
त्यांचं घट्ट म्हणजे पैलवानाचं घट्ट.
पोर रात्रभर रडलं.
आप्पा म्हणाले, हाड बोलतंय, बोलू दे.
हाड नव्हतं बोलत.
तिसऱ्या दिवशी सोडलं तर बोटं
पाखराच्या पायासारखी आत वळलेली.
तशीच राहिली.
त्या दिवशीही नारळ आला होता.
आप्पांनी देवापुढे ठेवला, फोडला नाही.
पुढे कुणी आलं तर म्हणत, आता दिसत नाही मला.
डोळे शेवटपर्यंत चांगले होते.

विश्राम आता याच मैदानावर चपला सांभाळतो.
वळलेल्या बोटांत चाळीस-चाळीस बिल्ले अडकवतो,
एकही पडत नाही.
रोज विचारतो, "ताई, चहा?"
रात्री मला चहा सोसत नाही. रोज हो म्हणते.

पावणेबाराला ढोलवाल्याला आणतात.
केबलमध्ये पाय अडकून हातावर पडला.
खांद्याची गोलाई गेलीय, कोपरा आलाय.
"तुम्ही आप्पासाहेबांच्या ना? बसवून टाका.
माझ्या बापाचा त्यांनी उभ्याउभ्या बसवलेला."
माझ्याआधी माझे हात तयार.
टाच काखेत, ओढ सरळ, मग किंचित बाहेर.
पाय चपलेतून निघालासुद्धा.

परत घातला.
त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली.
सापडली नाडी. नाही, हा दुसरा ढोल,
जमिनीतून, खाटेतून, त्याच्या हाडातून येणारा.
बाहेर हींच चाललेली, सहा मात्रा.
मी डोळे मिटून
सहात न बसणारं काही शोधत राहिले.
होती. बारीक, घाबरलेली, बेताल.
होती.
दंडावर बाहेरून शिवले. कळतं? कळतं.
बोटं हलव. हलली.

त्याच्याच लाल दुपट्ट्याची झोळी केली.
एकशेआठला फोन लावता लावता म्हटलं,
विश्राम, गाठ तू मार.
त्याने मारली, दातांची मदत घेऊन.
मग न सांगता
आपली वाकडी बोटं कापडाखाली सरकवून पाहिली.
"जातात, ताई. दोन जातात."

चहा दोन आले होते.
ढोलवाल्याने हात पुढे केला, मी दिला नाही :
भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं.
दोन्ही मीच प्यायले.