पाव गोळी

चौथा तुकडा नेहमी भुगाच होतो.
ब्लेड नवं असो, हात स्थिर असो,
तीन बरे पडतात आणि चौथा
कागदावर पांढरी पूड होऊन बसतो.
तो मी बोटाने चाटतो.

डॉक्टर कोल्हापूरहून येतात, बुधवारी, कणकवलीत,
चष्म्याच्या दुकानावरच्या माडीत.
त्यांनी भिंग लावून माझा माथा पाहिला
जसा मी लोकांचा मोहोर पाहतो.
माझा धंदाच तो. जामसंड्याला खत-औषधांचं दुकान.
जानेवारीत बागायतदार काउंटरवर रुमालाची गाठ सोडतात,
आत गळलेला मोहोर, काळपट, चिकट,
विचारतात, काय मारू?
मी सांगतो, अमुक मिली, दोनशे लिटरला,
सकाळी, वारा पडलेला असताना.
ठाम सांगतो. टोपी घालून सांगतो.

डॉक्टर म्हणाले, गेलेले सगळे येतील असं नाही,
आहेत ते थांबतील.
किती दिवस घ्यायची?
ठेवायचे आहेत तितके दिवस.
मग पेनाला टोपण लावता लावता,
लग्न झालंय ना? काही फरक वाटला तर कळवा.
फरक.
मी मान डोलावली
आणि उतरताना जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. सतरा.

चिठ्ठीत पाचची गोळी, चार भाग करून.
सातार्डेकर केमिस्ट ती वाचून केवढ्याने म्हणाला,
"अरे, ही तर तुझ्या बाबांचीच! लघवीची!"
मागे खोकल्याचं औषध न्यायला आलेली बाई
उगाच पंख्याकडे बघायला लागली.

असं एकच औषध आमच्या घरात
दोन फळ्यांवर राहायला आलं.
बाबांचं खाली, समईच्या तेलाशेजारी.
माझं वर, पंपाच्या जुन्या नोझलांच्या डब्यात,
कारण शमिकाला पाचवा महिना,
आणि तुटक्या गोळीला पोटुशीने हात लावायचा नसतो.
"फवारणीचं आहे, लांब राहा," मी तिला सांगितलं.
ती म्हणाली, "एवढीशी पुरते झाडाला?"

गेल्या मंगळवारी नोझल शोधताना
बाबांनी तो डबा काढला.
मी आलो तर खळ्यात बसलेले,
मांडीवर माझं पाकीट, तळहातावर एक पाव,
आणि डोकं, सोललेल्या नारळासारखं,
तिन्हीसांजेचा सगळा उजेड धरून.
सड्यावर पवनचक्क्या फिरत होत्या.
एक बंद होती. तिच्याकडेच बघत,
आत ऐकू जाऊ नये अशा आवाजात,
"तुकापण रातीचा उठूचा लागता काय रे? ह्या वयात?"

काय सांगणार होतो मी?
की बाबा, हे तुमच्यासारखं दिसू नये म्हणून?
कान तुमचे घेतले, नाक घेतलं,
उसनवारी न फेडण्याची सवय घेतली,
फक्त हे एक नको?

"कधीमधी," मी म्हणालो.

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला.
बोटांना अजून गंधकाचा वास.
"पावान काय होवचा नाय. अख्खी घे.
माजी आसत, त्यातली घे."

तेव्हापासून मला उठावं लागतं.
दोनच्या सुमारास त्यांची कडी वाजते
आणि मीही चपला शोधतो.
माडाखाली आम्ही दोघं शेजारी उभे,
ते थांबत थांबत, धीराने,
मी नुसताच, खोटा, अंधारात.
खाली कुठेतरी समुद्र खडकात शिरतो, निघतो.
वारा कपाळावर येतो,
उरलेले सगळे उचलून बघतो,
परत ठेवतो.

"बरा वाटता मा?" ते विचारतात.
"होय," मी म्हणतो, "जरा फरक आहे."