चोपन्न मिलिमीटर

बत्तीस वर्षं सातपूरला टूलरूममध्ये काढली,
म्हणून हात आधी व्हर्नियरकडेच जातो.
टाचेपासून टोपीच्या कडेपर्यंत
शिशाचा शिपाई: त्रेपन्न पूर्णांक सहा.
त्याच साच्यातला त्याचा शेजारी: चोपन्न पूर्णांक एक.
भाच्यानं अंबडच्या गाळ्यात छापलेले
चोपन्न, चोपन्न, चोपन्न.
माझ्या हाताखाली असता
तर सुमेधला इन्क्रिमेंट दिलं असतं.

जुने आले बुधवारच्या बाजारातून,
गोदेकाठी गंजके पाने, बिनकाट्यांची घड्याळं
आणि एकाच पायाचा बूट मांडून बसणाऱ्या
कचरू लोणाऱ्याकडून.
बिस्किटाच्या डब्यात अकरा जण, आडवेतिडवे,
देवळालीत लॅम रोडवरचा बंगला रिकामा झाला तेव्हाचे.
"पारशीणबाईच्या पोरांचे. विलायती. वजन बघा."
वजन बघितलं. पोकळ होते.
शिसं ओतायचं, लगेच साचा उलटा करायचा,
उरते ती कातडी.
टोपीला भोक आहे, तिथूनच
आतला माणूस ओतून काढला.

सुमेधचे भरीव.
राखाडी रेझिन, एअरगनचा रंग,
मिशीचा केस न् केस, बुटाची नाडी,
तळव्याखाली चुंबक.
जुन्यांचा डोळा म्हणजे नुसता ठिपका,
आणि ज्या बाईनं तो दिला
तिला त्या दिवशी घरी जायची घाई असावी:
सातव्याचा डोळा गालावर आहे.
पण खोलीत कुठेही उभा राहिलो
तरी बघतो तोच.

"मामा, शिसं आजारी पडतं."
पडतं. दोघांच्या पायांवर पांढरी भुकटी आली,
लाकडी कपाटाची हवा मानवली नाही,
काचेत हलवले.
एकाची मान तुटली, तेव्हा काडेपेटीची काडी तासून
धडातून डोक्यात घातली;
आता फुंकर मारली की नाही म्हणतो.
सुमेधच्याची तलवार मोडली
तर तो जोडत बसत नाही.
रात्रभर मशीन चालू,
सकाळी दुसरा.

वरच्या फळीवर जुने, खाली नवे.
देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव असला
की नाशिकरोडला आमच्या खिडक्या थरथरतात
आणि वरची रांग मोडते.
कुणी भिंतीकडे तोंड करतो,
कुणी शेजाऱ्याच्या खांद्याला टेकतो.
चुंबकवाले जागचे हलत नाहीत.
संध्याकाळी चिमट्यानं एकेकाला सरळ करतो,
वहीत लिहितो:
नऊ आवाज. पाचवा वीस अंश डावीकडे.

हा पाचवा, बिगूलवाला.
बिगुलावर दाताची खूण आहे,
कुणाचा तरी दुधाचा दात,
लॅम रोडवरची एखादी न सरणारी दुपार.
पुण्याचे एक संग्राहक फोनवर म्हणाले,
खूण नसती तर दुप्पट दिले असते.
दुप्पट कशाच्या, ते मी विचारलं नाही.

सुमेधनं त्यालाच स्कॅन केलं.
परवा खोका उघडला:
चाळीस बिगूलवाले,
चाळीस बिगुलांवर तोच चावा.
खोली शून्य पूर्णांक चार. सगळीकडे शून्य पूर्णांक चार.
एका पोराला एकदाच राग आला होता.
"फाइलमध्ये बुजवून टाकू?" त्यानं विचारलं.
मी चष्मा पुसत बसलो.

तेवढ्यात त्याची इरावती, अकरा महिन्यांची,
रांगत खोक्याशी गेली,
एक उचलला, थेट तोंडात.
मी धावलो. मग आठवलं, शिसं नाही.
तरी काढून घेतला. ती रडली, पुष्कळ रडली.
लाळ पुसली. व्हर्नियर लावला.
जुन्या खुणेला खेटून एक नवी:
शून्य पूर्णांक एक, जेमतेम.

खोक्यात एकोणचाळीस राहिले.
याच्या तळव्याचा चुंबक मी ब्लेडनं खरवडून काढला
आणि त्याला वरच्या फळीवर,
पाचव्याशेजारी ठेवला.
गुरुवारी सराव आहे.